पंधरावी झोपडी

१

सोमवारी सकाळी पेल्हॅमसाहेबांची वही नाहीशी झाली, आणि बुधवार उजाडेपर्यंत अख्ख्या मळ्यानं चोर ठरवूनही टाकला होता.

वही मोजणीची. हिरव्या पुठ्ठ्याची, भिजून वाळलेली, चामड्याच्या बंदानं बांधलेली. विषुववृत्ताजवळ, किनांगोपच्या उंच पठारावर गोऱ्या लडग्रोव्हचा बाराशे एकरांचा मळा होता, तो सहा आठवडे पायाखाली घालून सरकारी मोजणीदार म्हणून साहेबांनी ती भरली होती. माती कुठे हातभर खोल आणि कुठे वीतभर, कुठल्या खोलगट शेतात जुलैच्या कडाक्यानं पीक जळतं, कुंपणाची तार किती गज आणि त्यातली गंजलेली किती, हे सगळं तीत होतं आणि प्रत्येक पानाच्या तळाशी रास्त किंमत होती. स्वातंत्र्य येऊन सात महिने झाले होते. सरकार गोऱ्यांचे मळे विकत घेत होतं, त्यांचे तुकडे पाडत होतं आणि तिथंच राबलेल्या लोकांना तीस वर्षांच्या हप्त्यांनी देत होतं. साहेबांनी एक पौंड जास्त लिहिला तर तो कुणाच्या कनवटीतून जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

शुक्रवारी करारावर सह्या व्हायच्या होत्या. वही नसली तर जमीन खरेदी मंडळाकडे एकच कागद उरत होता, तो मळेवाल्यानं स्वतः लिहून दिलेला. विकणाऱ्यानं आपल्याच गाईचं दूध किती ते सांगावं, तसला तो कागद.

"गाथोगो," साहेब म्हणाले, "पोलिसांना नुसती झडती घेता येते. तू माणसं ओळखतोस. तू शोध."

गाथोगो म्बुथिया पन्नाशीचा होता. बावीस वर्षं त्यानं मोजणीच्या साखळीचं टोक धरलं होतं, त्यातली बारा याच साहेबांच्या पुढे चालत. तो ओरडून आकडा सांगायचा, साहेब लिहायचे. सगळे आकडे त्याच्या डोक्यात अजून होते. पण साखळीवाल्याच्या डोक्यातले आकडे मंडळाला चालत नाहीत, साहेबांच्या हातचं अक्षर लागतं. नव्या सरकारनं नुकतंच त्याला सहायक केलं होतं आणि खाकी कोट दिला होता. कोट खांद्यात आखूड होता, तरी तो काढत नसे.

चोर ठरली होती ती न्यागुथी. तिचं नाव ऐकल्यापासून गाथोगोला घास गोड लागत नव्हता.

२

न्यागुथी साठीची विधवा. मुलगा नाही, एकच मुलगी, तीही लांब लिमुरूकडे दिलेली. रोज पहाटे साहेबांच्या खोलीवर दुधाची किटली तीच पोचवायची. रविवारी संध्याकाळी साहेब लडग्रोव्हकडे जेवायला गेले तेव्हा वही टेबलावर होती. परतल्यावर ते दिवा न लावताच आडवे झाले. सकाळी उठले तर टेबलावर दूध होतं आणि वही नव्हती. एवढा पुरावा लोकांना पुरला. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला कुठल्याही मुलखात फार वेळ लागत नाही.

मंडळाचा नियम सरळ होता. खरेदीत लबाडी करील त्याचं नाव यादीतून कापायचं. यादीत मळ्यावरची आणि आसपासची मिळून अडतीस नावं होती आणि सातव्या तुकड्यापुढे न्यागुथीचं. शुक्रवारपर्यंत उलगडा झाला नाही तर तिच्या नावावर रेघ आणि हवालदार वाहोमे तिला घेऊन खाली नैवाशाच्या चौकीत.

ती चुलीपुढे बटाटे सोलत बसली होती. गाथोगो दारातल्या लाकडावर बसला आणि त्यानं सरळच विचारलं.

"मैतू, तुम्ही घेतलीत का वही?"

तिच्या वयाच्या प्रत्येक बाईला तो मैतू, आपली आई, असंच म्हणायचा.

"मला वाचता येत नाही," ती म्हणाली.

"लोक म्हणतात, विकायला घेतली."

"कुणाला? कान्योनीला?" लडग्रोव्ह सारखा शीळ घालायचा म्हणून सगळे त्याला कान्योनी, चिमणं पाखरू, म्हणत. "तो मला साखरसुद्धा चमच्यानं सपाट करून देतो. तो वहीचे पैसे देईल?"

गाथोगोला हसू आलं, ते त्यानं गिळलं. मग त्यानं सोमवारची पहाट विचारली. ती नीट आठवून बोलली. अंधार होता, हातात कंदील होता. टेबलावर चष्मा होता, वही नव्हती. रोज ती किटली वहीच्या शेजारी टेकवायची, त्या दिवशी जागा मोकळी होती. साहेब घेऊन झोपले असतील असं तिला वाटलं.

"आणि यादीतून नाव गेलं तर?"

तिनं सोललेला बटाटा पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला. तिला जमीन हवी होती असं नाही, तिला सातवा तुकडाच हवा होता. तिथं पाट सुरू होतो. अडतीस साली तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, माथेंगेनं, ओढ्यापासून तो खणला होता. खणणं त्याचं, दगड वाहणं हिचं, पाठीला तान्ही मुलगी बांधून. मजुरी म्हणून रोज एक शेर मक्याचं पीठ मिळायचं. कान्योनी आला तेव्हा या जागेत पाणी नव्हतं, म्हणाली ती, आणि जाताना आहे.

"दुसरा तुकडा देऊ केला तर नको मला. मुलीच्या दारात जाऊन मरेन. तू तसं सांग त्यांना."

गाथोगो उठला तेव्हा त्याची खात्री झाली होती. पण खात्री शुक्रवारी चालणार नव्हती.

३

लडग्रोव्हच्या दिवाणखान्यात शेकोटी पेटलेली होती आणि भिंतींवर चित्रं काढून घेतल्याचे चौकोन उरले होते. सामान खोक्यांत भरलं जात होतं. चोरीचा फायदा कुणाला, असं विचारलं तर पहिलं बोट याच्याकडेच जात होतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

"मी वाचली ती," तो आपण होऊन म्हणाला. "शनिवारी. पेल्हॅम अंघोळीला गेला होता. मी सांगितलेल्या किमतीपेक्षा तीन हजार पौंडांनी कमी लिहिलंय. खालच्या शेताला त्यानं निकृष्ट ठरवलंय."

"खालच्या शेतात पीक जळतं, ब्वाना."

"तीन वर्षांतून एकदा."

"दोनदा," गाथोगो म्हणाला.

लडग्रोव्ह शीळ घालायला गेला आणि थांबला. एवढ्या वर्षांत त्याला कुणी असं दुरुस्त केलं नव्हतं. मग तो थकल्यासारखा खुर्चीत बसला. सव्वीस साली तो इथं आला होता, बायकोला त्यानं टेकडीपलीकडे पुरलं होतं, आणि आता तो कुठे जाणार हे त्यालाही नीटसं माहीत नव्हतं. गाथोगोला त्याची कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला.

"हे बघ," लडग्रोव्हनं शेकोटीकडे हात केला. "मला ती वही नाहीशी करायची असती तर तुला चिमूटभर राख मिळाली असती. झोपड्यांची झडती घेत बसावं लागलं नसतं."

बाहेर धुकं इतकं दाट होतं की फाटक दिसत नव्हतं. प्रत्येक छपरातून धूर निघत होता. गाथोगो चालता चालता थबकला. कान्योनी खोटं बोलत असो नाही तर खरं, त्याची एक गोष्ट बरोबर होती. या थंडीत चूल पेटलेली नाही असं एकही घर पठारावर नव्हतं.

मग वहीची राख झाली होती की नव्हती?

४

पायरेथ्रमची, किडे मारायच्या भुकटीची, फुलं वाळवायच्या जुन्या कोठीत यादीची कचेरी होती. कारकून जोथाम कारीथी तिशीचा, मिशन शाळेत शिकलेला, 'तारण झालेल्या' कडक ख्रिस्त्यांपैकी. दारू नाही, तपकीर नाही, तोंडात शिवी नाही. मळ्यावरच्या लोकांचे अर्ज तोच लिहून द्यायचा आणि त्याचं एक शिलिंगही घ्यायचा नाही, म्हणून त्याला मान होता.

त्याच्या मागे भिंतीवर मळ्याचा नकाशा ठोकला होता, अडतीस तुकडे, प्रत्येकावर आकडा. वरचे दोन कोपरे खिळ्यांनी धरले होते. खालची कड मोकळी होती आणि वर वळली होती.

"या भाऊ," जोथाम म्हणाला. "रविवारी काय करताय? माझ्या थोरल्याचा, न्गुंजिरीचा, बाप्तिस्मा आहे. घरी जेवायला या."

गाथोगोनं येतो म्हटलं. मग चोरीचा विषय निघाला. जोथामचा चेहरा उतरला.

"मी कुणाचं नाव घेत नाही. न्याय करणारा वर आहे. पण दूध घेऊन कोण गेलं, ते तुम्हीच बघा. मला वाईट वाटतं तिचं. एकटी बाई, कुणी मागे नाही. हप्ते तरी कुठून फेडणार होती?"

"तुम्ही गेल्या रविवारी साहेबांकडे गेला होतात?"

"संध्याकाळी. यादीवर सही हवी होती. साहेब जेवायला गेले होते, मी परतलो." तो क्षणभर थांबला. "भाऊ, वाहोमेला म्हणावं, झडती पुन्हा घे. नीट घे. सगळ्या झोपड्या बघ. मी त्याला दोनदा सांगितलं."

हवालदार वाहोमे कोठीच्या आडोशाला हात शेकत उभा होता. पंचविशीचा पोरगेला गडी, बूट चकचकीत, वहीत टिपण व्यवस्थित. सर्व झोपड्या तपासल्या, काही मिळाले नाही. खाली घरधन्यांचे अंगठे.

गाथोगोनं अंगठे मोजले. चौदा होते.

"मजुरांची छपरं किती आहेत रे?"

"चौदा, बाबा."

"मी मोजणी केलीये. पंधरा आहेत."

वाहोमेनं बुटांकडे पाहिलं.

"ती पंधरावी कुणाची आहे ते तुम्हाला ठाऊक आहे," तो हळूच म्हणाला. "माथेंगे आत मेलाय. तीन वर्षं झाली. जीव जायच्या आधी त्याला बाहेर आणायला वेळच मिळाला नाही. तिथं कोण काय ठेवणार?"

"तू आत गेलास का?"

"तुम्ही जाल?"

घरात माणूस मेला की मागची भिंत फोडून त्याला बाहेर काढायचा आणि ते घर तसंच पडू द्यायचं. त्यात पाय ठेवायचा नाही, त्यातली काडी चुलीला लावायची नाही. हे त्याला शिकवावं लागलं नव्हतं, ते आईच्या दुधातून आलं होतं. सरकारी खाकी त्यावर चढवली तरी आतला माणूस तोच होता, वाहोमेचाही आणि त्याचाही.

तो वळला आणि धुक्यातून त्या छपराकडे चालू लागला. वाहोमे मागे आला नाही.

५

दुपारचे बारा वाजले होते, आणि तरीही त्याची पाचावर धारण बसली.

छप्पर एका बाजूनं खचलं होतं. मागच्या भिंतीला पडलेल्या भगदाडातून पांढरं धुकं आत शिरत होतं. तो दाराशी उभा राहिला आणि मेलेल्या माणसाशी बोलला. माथेंगे, म्हणाला, मी तुझं काही न्यायला आलो नाही, तुझ्या बायकोसाठी आलोय. मग वाकून आत गेला.

चुलीचे तीन दगड, मोडकी खाट, कोपऱ्यात कुदळीचा दांडा. खाटेच्या डोक्याकडच्या वाशात काहीतरी खोचलेलं होतं. उंचीवर नव्हे, झाकलेलंही नव्हे. आत येऊन मान वर केली की दिसावं अशा जागी.

निळसर कापडात गुंडाळलेली हिरवी वही.

बाहेर येऊन त्यानं ओल्या गवतावर हात पुसले, मग कापड चिमटीत धरून पाहिलं. धुक्यानं ते मऊ पडलं होतं, बोटांना चिकटत होतं. खळ. नकाशाचं खळ दिलेलं कापड. मोजणीखात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ते डोळे मिटून कळतं. टाकलेले नकाशे घरी नेऊन धुतले की खळ निघून जाते आणि आत तलम कापड निघतं. त्याच्या दोन्ही मुलींची पहिली झबली त्याचीच होती.

वही सुकी होती. एक पान फाटलेलं नव्हतं, एक आकडा पुसलेला नव्हता. पाटाचं पानही तिथंच होतं. ते त्यानं वाचलं आणि पटकन मिटलं.

आता तो अधिकच पेचात सापडला. वही घेऊन गेला तर पहिला प्रश्न येणार, कुठे मिळाली. आणि माथेंगेच्या घरात मिळाली म्हटलं की न्यागुथीची सुटका संपली. तिला निर्दोष ठरवायला निघालेला माणूस तिचाच फास खिशात घेऊन उभा होता.

त्यानं वही सदऱ्याच्या आत घातली आणि कोटाची बटणं लावली. सरकारी माल दडवणं हा गुन्हा आहे, हे त्याला माहीत होतं. साहेबांकडे जाऊन त्यानं वहीबद्दल अवाक्षर काढलं नाही, फक्त यादीची नक्कल मागितली. अडतीस नावांखाली राखीव नावं होती, कुणी गळलं तर त्याच्या जागी घ्यायची. त्यानं त्यातलं पहिलं नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि खुर्चीत बसला.

"उद्या दुपारी सगळ्यांना कान्योनीच्या ओसरीवर बोलवा, साहेब," तो म्हणाला. "कारकुनाला भिंतीवरचा नकाशा आणायला सांगा."

६

गुरुवारी धुकं विरळ झालं होतं. ओसरीवर पेल्हॅमसाहेब आणि लडग्रोव्ह खुर्च्यांत बसले, वाहोमे खांबाला टेकून उभा राहिला, जोथाम नकाशाची गुंडाळी काखेत धरून आला. न्यागुथी पायरीवर बसली. तिनं अंगावरची घोंगडी घट्ट ओढून घेतली होती, चौकीत जायच्या तयारीनं.

गाथोगोनं कोटाची बटणं सोडली आणि वही टेबलावर ठेवली.

साहेब अर्धवट उठले. गाथोगोनं त्यांना हात जोडून थांबवलं आणि आधी ऐकून घ्या म्हणाला. इतक्या लोकांपुढे तो कधी बोलला नव्हता. त्याची सवय आकडा ओरडून पुढे चालण्याची. म्हणून तो एकेक आकडा सांगितल्यासारखा बोलत गेला.

वही जळाली नाही, ही पहिली गोष्ट. किंमत बुडवायला कुणी ती नेली असती तर ती त्याच संध्याकाळी चुलीत गेली असती. उलट नेणाऱ्यानं ती कापडात गुंडाळून जपली होती. म्हणजे त्याला आतला हिशेब हवा तसाच हवा होता, करारही व्हायला हवा होता. मग त्यानं ती नेलीच का? तर सापडावी म्हणून. आणि ती सापडायची होती माथेंगेच्या घरात.

न्यागुथीच्या तोंडून श्वास निघाला. वाहोमेनं मान खाली घातली.

"मैतू तिथं ठेवणार नाहीत," गाथोगो म्हणाला. "नवरा गेल्यापासून त्या तिकडच्या वाटेनंही जात नाहीत. लपवायचंच असतं तर आपल्या बटाट्यांच्या ढिगात लपवलं असतं. तिथं ठेवणारा माणूस ते भय न मानणारा आहे. आणि त्याची चूक तीच झाली. आपण मानत नाही म्हणजे पोलीसही मानत नसतील, असं त्याला वाटलं. बूट घातलेत, सरकारचा पगार खातात. पण वाहोमे दारावरून परत फिरला आणि वही तिथंच राहिली. मग त्याला दोनदा सांगावं लागलं, नीट बघ, सगळ्या झोपड्या बघ."

कुणीच जोथामकडे पाहिलं नाही, आणि म्हणूनच सगळ्यांना तो दिसत होता.

गाथोगोनं त्याच्या काखेतली गुंडाळी घेतली, टेबलावर उलगडली आणि खिशातलं निळसर कापड तिच्या खालच्या कडेला लावलं. मापाची पट्टी तळाशी आखलेली असते, तिची वरची रेघ नकाशावर होती, खालची या तुकड्यावर. दोन्ही एकमेकींना मिळाल्या.

"हे कुणीही कापलं असेल," जोथाम म्हणाला. आवाज शांत होता, पण ओठ कोरडे.

"कापलं असेल," गाथोगो म्हणाला. "रविवारी तुझ्या मुलाचा बाप्तिस्मा आहे. थोरल्याचं नाव न्गुंजिरी. आपल्यात थोरल्याला बापाच्या बापाचं नाव देतात, मिशनमध्ये सगळं सोडलंत तरी हे कुणी सोडत नाही. म्हणजे तुझा बाप न्गुंजिरी. तू ते नाव लावत नाहीस, जोथाम कारीथी लिहितोस. पण राखीव यादीतलं पहिलं नाव आहे गाचांजा, न्गुंजिरीचा मुलगा. यादी तुझ्या हातची आहे. एक नाव गळलं की तो आत येतो. गाचांजा तुझा कोण?"

लडग्रोव्हच्या शेकोटीत लाकूड फुटल्याचा आवाज आला. जोथाम उभा होता तिथंच खाली बसला.

"भाऊ," तो म्हणाला. "थोरला."

मग त्यानं काही लपवलं नाही. बंडाच्या वर्षांत गोऱ्या सरकारनं गाचांजाला धरून नेलं तेव्हा जोथाम शाळेत होता. भावानं शेळ्या विकून फी भरली होती. सात वर्षं तो कैद्यांच्या छावणीत होता. सुटून आला तर गावच्या जमिनी एकत्र करून पुन्हा वाटल्या गेल्या होत्या, आणि जो हजर नव्हता त्याची कुणी आठवण काढली नव्हती. आता तो दुसऱ्याच्या ओसरीत झोपतो. अडतीस नावांत जोथामनं महिनाभर शोधलं. प्रत्येकामागे पोरं होती, भाऊ होते. एकच नाव असं होतं की ज्याच्यासाठी कुणी रडणार नव्हतं.

"मी प्रार्थना केली," तो म्हणाला. "मला वाटलं उत्तर मिळालं."

न्यागुथी पायरीवरून उठली नाही. तिनं फक्त मान वळवली.

"त्याला माझ्याकडे पाठवायचंस," ती म्हणाली. "मला तुकडा होता, धरायला हात नव्हते. एकदा विचारायचंस."

जोथामनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वाहोमेनं बेड्या काढल्या, पण घातल्या नाहीत. त्याच्या दंडाला धरून त्याला घेऊन गेला. नियमाप्रमाणे गाचांजाचंही नाव राखीव यादीतून गेलं. गाथोगोनं चोर पकडला होता आणि त्याला अजिबात बरं वाटत नव्हतं.

७

शुक्रवारी सह्या झाल्या. लडग्रोव्हनं मंडळाच्या कागदावर सही केली, तीन हजार कमी घेऊन. मग एकेका कुटुंबाला बोलावून साहेब त्यांच्या तुकड्याची किंमत वहीतून वाचायचे आणि गाथोगो ती लोकांना समजावून सांगायचा.

सातवा तुकडा आला. जमीन एकवीस एकर, तिची किंमत. कुंपण, त्याची किंमत. मग साहेबांनी पान उलटलं.

"पाट, अकराशे गज, चालू स्थितीत. सुधारणा म्हणून, चाळीस पौंड."

गाथोगो थांबला. तो अकराशेचा आकडा त्यानंच ओरडून सांगितला होता, साखळीचं टोक धरून, पाटाच्या काठाकाठानं. बुधवारची अख्खी रात्र हे पान त्याच्या छातीशी होतं. एक ओला अंगठा फिरवला असता तर शाई पसरली असती आणि धुक्यावर खापर फोडता आलं असतं. तसं करावं असं त्याला वाटलं होतं. त्यानं केलं नाही, आणि ते बरोबर केलं की नेभळटपणा केला, हे त्याला आजही ठरवता येत नव्हतं.

"काय म्हणाले?" न्यागुथीनं विचारलं.

त्यानं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, कुणी खणला ते त्यात लिहिलंय का. गाथोगोनं साहेबांना विचारलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. जमिनीवर जे आहे ते जमिनीचं धरायचं असतं, ते म्हणाले; कुणी केलं यासाठी रकाना नाही. त्यांना वाईट वाटत होतं हे उघड दिसत होतं, आणि त्यानं चाळीसाचे एकोणचाळीस होत नव्हते. लडग्रोव्ह खिडकीतून टेकडीकडे बघत होता.

"सही नाही केली तरी चालेल, मैतू," गाथोगो हळू आवाजात म्हणाला. "दुसरा तुकडा बघू. पाटाशिवायचा. स्वस्त पडेल."

न्यागुथीनं शाईची डबी आपल्याकडे ओढली. अंगठा बुडवला, नीट निथळू दिला आणि कागदावर असा दाबला की टेबल हललं.

"एकदा त्यानं खणला," ती म्हणाली, "एकदा मी विकत घेतला. आता याला तिसरा मालक निघायला नको. सांग त्यांना."

साहेबांनी मान वर केली. "काय म्हणते ती?"

गाथोगोनं त्यांच्याकडे पाहिलं, मग लडग्रोव्हच्या पाठीकडे.

"किंमत मान्य आहे म्हणते," तो म्हणाला.